एसक्यूएल-अल्केमी २.० : रिलेशनशिप लिहिली, तरी पुस्तक डिलीट होईना आणि यादीला ५१ क्वेऱ्या

ग्रंथपाल_डॉट_पीवाय

वाचनालयाच्या देवघेवीचं सॉफ्टवेअर लिहितोय. पायथन ३.१२, एसक्यूएल-अल्केमी २.० (पायथनचे क्लास आणि डेटाबेसची टेबलं जोडणारी लायब्ररी, म्हणजे ओआरएम), घरच्या मशीनवर एसक्यूलाइट, सर्व्हरवर पोस्टग्रेस, वर वेबसाठी फास्टएपीआय. सेशन (ऑब्जेक्टांतले बदल डेटाबेसला पाठवणारा भाग) साधं सिंक्रोनसच आहे. टेबलं अशी: पुस्तक, प्रत (दाखल क्रमांक आणि कुठल्या पुस्तकाची), सभासद, कर्मचारी आणि देवघेव. देवघेवीत प्रत, सभासद, दिल्याची तारीख, परतीची तारीख, शिवाय कोणत्या कर्मचाऱ्याने दिली आणि कोणी परत घेतली हे दोन कॉलम. कोड देवनागरीत उतरवतोय, रोमनमध्ये वाचून घ्या:

क्लास पुस्तक(बेस):
  आयडी: मॅप्ड[इंट] = मॅप्ड_कॉलम(प्रायमरी_की=ट्रू)
  प्रती: मॅप्ड[लिस्ट["प्रत"]] = रिलेशनशिप()

क्लास प्रत(बेस):
  आयडी: मॅप्ड[इंट] = मॅप्ड_कॉलम(प्रायमरी_की=ट्रू)
  पुस्तक_आयडी: मॅप्ड[इंट] = मॅप्ड_कॉलम(फॉरिनकी("पुस्तक.आयडी", ऑनडिलीट="कॅस्केड"))
  पुस्तक: मॅप्ड["पुस्तक"] = रिलेशनशिप()

आता रडगाणं. सेशन.डिलीट(पुस्तक) करून कमिट केलं की इंटिग्रिटीएरर येतो: प्रत टेबलातल्या पुस्तक_आयडीवर नॉट नल मोडलं म्हणे. मी तर त्याला नल केलेलंच नाही, आणि ऑनडिलीट कॅस्केड वर दिसतंय. दुसरं, सुरू होतानाच एक वॉर्निंग येते की 'प्रत.पुस्तक' आणि 'पुस्तक.प्रती' ही नाती एकाच कॉलमात लिहितात, 'ओव्हरलॅप्स' द्या. दिलं की गप्प होते, पण हे बरोबर आहे का?

तिसरं, देवघेव.दिली_कोणी आणि देवघेव.घेतली_कोणी या दोन्ही रिलेशनशिप कर्मचारीकडे जातात, तिथे अँबिग्युअसफॉरिनकीजएरर. चौथं, एका पानावर ५० पुस्तकं प्रतींसकट दाखवतो; एको=ट्रू लावून (म्हणजे प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये छापून) पाहिलं तर ५१ क्वेऱ्या. जॉइंडलोड लावला तर निकालावर युनिक() बोलवा अशी तक्रार.

आणि शेवटचं: पुस्तकाला लेखक, अनुवादक, संपादक जोडायचेत. मेनी-टू-मेनी टेबलात भूमिका कुठे ठेवायची?

---

उंटावरचा_शहाणा

पहिल्या दोन दुखण्यांचं मूळ एकच आहे. फॉरिन की ही डेटाबेसची गोष्ट, रिलेशनशिप ही पायथनच्या मेमरीतल्या ऑब्जेक्टांची. ऑनडिलीट तुम्ही डेटाबेसला सांगितलंत, सेशनला त्यातलं काही कळलेलं नाही. रिलेशनशिपला कॅस्केड (एका ऑब्जेक्टवरची क्रिया त्याला जोडलेल्यांवरही करणं) दिलं नाही तर डिफॉल्ट 'सेव्ह-अपडेट, मर्ज' एवढंच असतं. त्यात डिलीट नाही. मग पुस्तक उडवताना सेशन काय करतं ते एकोच्या लॉगमध्ये नीट दिसेल: आधी त्या पुस्तकाच्या सगळ्या प्रती सिलेक्ट करून आणतं, मग प्रत्येकीवर अपडेट मारून पुस्तक_आयडी नल करतं, आणि मगच पुस्तकाचा डिलीट पाठवतं. तुमचा कॉलम मॅप्ड[इंट] आहे म्हणजे नॉट नल, म्हणून गाडी मधल्याच पायरीवर अडकते. डेटाबेसचं कॅस्केड चालायची पाळीच येत नाही.

पालकाच्या, म्हणजे पुस्तकाच्या, बाजूला हे हवं:

प्रती: मॅप्ड[लिस्ट["प्रत"]] = रिलेशनशिप(बॅक_पॉप्युलेट्स="पुस्तक", कॅस्केड="ऑल, डिलीट-ऑर्फन", पॅसिव्ह_डिलीट्स=ट्रू)

आणि प्रतीच्या बाजूला:

पुस्तक: मॅप्ड["पुस्तक"] = रिलेशनशिप(बॅक_पॉप्युलेट्स="प्रती")

'ऑल' मध्ये सेव्ह-अपडेट, मर्ज, रिफ्रेश-एक्स्पायर, एक्सपंज आणि डिलीट येतात. डिलीट-ऑर्फन त्यात येत नाही, ते वेगळं लिहावं लागतं. त्याचा उपयोग पुस्तक.प्रती.रिमूव्ह(प्रत) करताना. ते नसेल तर यादीतून काढलेल्या प्रतीचा पुस्तक_आयडी पुन्हा नल व्हायला जातो आणि तोच एरर परत तोंडासमोर.

पॅसिव्ह_डिलीट्स=ट्रू म्हणजे सेशनला सांगणं की ज्या प्रती मेमरीत आलेल्या नाहीत त्या उगाच आणू नकोस, डेटाबेस त्यांचं बघून घेईल. ज्या आधीच लोड झाल्यात त्यांना मात्र सेशन एकेक करून स्वतःच डिलीट पाठवतं. म्हणून कॅस्केड, पॅसिव्ह_डिलीट्स आणि ऑनडिलीट या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. नुसतं पॅसिव्ह_डिलीट्स दिलं आणि कॅस्केड विसरलात, तर लोड झालेल्या प्रती नल व्हायला जातील आणि लोड न झालेल्या डेटाबेस उडवेल. तोच कोड कधी चालतो आणि कधी नाही, असा चकवा तयार होतो.

कॅस्केड कायम पालकाच्या बाजूला. प्रत.पुस्तक वर डिलीट लावलंत तर एक फाटकी प्रत काढायला जाल आणि अख्खं पुस्तक जाईल. मेनी-टू-वनवर डिलीट-ऑर्फन लावायला गेलात तर सिंगल_पेरंट=ट्रू मागेल; ते मागितलं की समजा आपण उलट्या टोकाला उभे आहोत.

आता ओव्हरलॅप्स. काढून टाका. बॅक_पॉप्युलेट्स नसल्यामुळे लायब्ररीला वाटतं ही दोन स्वतंत्र नाती आहेत आणि दोघंही एकाच कॉलमात लिहितात. तक्रार रास्तच आहे. ओव्हरलॅप्सने तिचं तोंड बंद होतं, नाती जोडली जात नाहीत. प्रत.पुस्तक = अमुक असं दिलं तरी अमुक.प्रती मध्ये ती प्रत कमिट होऊन यादी पुन्हा लोड होईपर्यंत दिसणार नाही.

बॅक_पॉप्युलेट्सला समोरच्या क्लासवरच्या अ‍ॅट्रिब्यूटचं नाव लागतं, क्लासचं किंवा टेबलाचं नाही. नाव तंतोतंत हवं. अ‍ॅट्रिब्यूट 'प्रती' आणि इकडे 'प्रति' लिहिलंत, तर शुद्धलेखन तपासणाऱ्या बाईंपेक्षा मॅपर कडक निघतो. वर हा एरर इंपोर्टच्या वेळी येत नाही, पहिल्यांदा मॉडेल वापरताना येतो, तोही भलत्याच फाइलच्या नावाने. यासाठी सगळी मॉडेलं इंपोर्ट झाल्यावर एकदा कॉन्फिगर_मॅपर्स() बोलवा, किंवा तेवढी एकच टेस्ट लिहा. "प्रत हे नाव सापडलं नाही" असा एरर आला तर बहुधा त्या मॉडेलची फाइल कुठेच इंपोर्ट झालेली नसते. स्ट्रिंगमधली नावं सापडायला तो क्लास आधी नोंदलेला लागतो.

बॅकरेफ वापरू नका. चालतं अजून, पण २.० मध्ये ते जुन्या पद्धतीत धरलंय, आणि टाइप तपासणाऱ्या टूलना ते अ‍ॅट्रिब्यूट दिसतच नाही.

---

मधली_सुट्टी

चौथ्या मुद्द्यावर. ५१ क्वेऱ्या म्हणजे एक पुस्तकांची आणि प्रत्येक पुस्तकाला एक प्रतींची. रिलेशनशिप डिफॉल्टने लेझी असते, अ‍ॅट्रिब्यूटला हात लावला की सिलेक्ट. इथे जॉइंडलोड नको, सिलेक्टइनलोड घ्या:

सिलेक्ट(पुस्तक).ऑर्डर_बाय(पुस्तक.शीर्षक).लिमिट(५०).ऑप्शन्स(सिलेक्टइनलोड(पुस्तक.प्रती))

दोन क्वेऱ्या. दुसरीत पहिलीतल्या सगळ्या आयडी 'इन' मध्ये जातात, एका वेळी ५०० पर्यंत. निर्यातीसाठी १२०० पुस्तकं एकदम काढलीत तर प्रतींच्या ३ क्वेऱ्या होतील, म्हणजे एकूण ४. एक पातळी खाली जायचं असेल तर साखळी: सिलेक्टइनलोड(पुस्तक.प्रती).सिलेक्टइनलोड(प्रत.देवघेवी). पातळीगणिक एक क्वेरी वाढते, पुस्तकागणिक नाही.

जॉइंडलोड कलेक्शनवर लावला की लेफ्ट आउटर जॉइन होतो आणि चार प्रती असलेलं पुस्तक चार ओळींत येतं. त्या ओळी एकात आणायच्या की नाहीत हे २.० च्या पद्धतीत तुम्हालाच सांगावं लागतं, म्हणून ती युनिक()ची तक्रार: सेशन.स्केलर्स(क्वेरी).युनिक().ऑल(). एवढ्यावर भागत असेल तर ठीक. पण त्याच क्वेरीत दुसरं कलेक्शनही जॉइंडलोड केलंत, तर ४ प्रती गुणिले ३ लेखक-अनुवादक, एका पुस्तकाच्या १२ ओळी. डेटा तोच, तारेवरून बारापट. लिमिट असेल तर लायब्ररी मूळ सिलेक्टला सबक्वेरीत गुंडाळते म्हणून ५० चा आकडा बरोबर राहतो, पण क्वेरी वाचवत नाही.

जॉइंडलोडची जागा मेनी-टू-वनला. प्रत → पुस्तक, देवघेव → सभासद. एका ओळीला एकच ओळ चिकटते, युनिक() लागत नाही. फॉरिन की नॉट नल असेल तर जॉइंडलोड(देवघेव.सभासद, इनरजॉइन=ट्रू) द्या.

यादीत फक्त "प्रती: ४" असा आकडा दाखवायचा असेल तर कलेक्शन आणूच नका. लेन(पुस्तक.प्रती) लिहायला गोड वाटतं, पण आकड्यासाठी अख्ख्या ओळी येतात. सिलेक्ट(पुस्तक, फंक.काउंट(प्रत.आयडी)).आउटरजॉइन(पुस्तक.प्रती).ग्रुप_बाय(पुस्तक.आयडी). पोस्टग्रेस प्रायमरी कीवर ग्रुप केलं की त्या टेबलाचे बाकी कॉलम ग्रुप_बायमध्ये मागत नाही. आउटरजॉइनच हवा, नाहीतर ज्या पुस्तकाची एकही प्रत नाही ते यादीतून गायब.

आणखी एक खड्डा आहे, त्यात हमखास पाय जातो. "ज्यांच्याकडे पुस्तक थकलंय ते सभासद" काढताना लोक असं लिहितात: ऑप्शन्समध्ये जॉइंडलोड(सभासद.देवघेवी) आणि वेअरमध्ये देवघेव.परत_तारीख.इज_(नन). चालत नाही. जॉइंडलोडने जोडलेलं देवघेव टेबल एका निनावी टोपणनावाने जोडलेलं असतं, तुमचं वेअर त्याला लागतच नाही. फ्रॉममध्ये देवघेव दुसऱ्यांदा, विनाजॉइन येतं आणि प्रत्येक सभासद गुणिले सगळ्या थकलेल्या नोंदी. लायब्ररी 'कार्टेशियन प्रॉडक्ट' अशी वॉर्निंग देते, ती लॉगमध्ये वाहून जाऊ देऊ नका.

नुसते सभासद हवे असतील तर वेअर(सभासद.देवघेवी.एनी(देवघेव.परत_तारीख.इज_(नन))). त्याचं एक्झिस्ट्स होतं, ओळी दुप्पट होत नाहीत. सोबत फक्त थकलेल्याच नोंदी हव्या असतील तर सिलेक्टइनलोड(सभासद.देवघेवी.अँड_(देवघेव.परत_तारीख.इज_(नन))). कन्टेन्स_ईगर नेही होतं: स्वतः जॉइन करा, वेअर लावा आणि त्याला सांगा की यातूनच कलेक्शन भर. पण दोन्ही प्रकारांत सभासद.देवघेवी ही यादी त्या सेशनपुरती अर्धवट असते. तेच ऑब्जेक्ट पुढे दुसऱ्या फंक्शनला "आजवर किती पुस्तकं नेली" मोजायला दिलंत तर आकडा चुकेल आणि एररही येणार नाही. अशा यादीला वाचण्यापुरतंच वापरा.

---

खटाटोप

दोन कर्मचारी असलेल्या नात्याचं सोपं आहे. दोन रस्ते असल्यावर कुठला धरायचा ते सांगा:

दिली_कोणी: मॅप्ड["कर्मचारी"] = रिलेशनशिप(फॉरिन_कीज=[दिली_कोणी_आयडी])
घेतली_कोणी: मॅप्ड[ऑप्शनल["कर्मचारी"]] = रिलेशनशिप(फॉरिन_कीज=[घेतली_कोणी_आयडी])

उलट बाजूला कर्मचारी.दिलेल्या वगैरे हवं असेल तर तिथेही फॉरिन_कीज लागतं, स्ट्रिंगमध्ये "देवघेव.दिली_कोणी_आयडी". बॅक_पॉप्युलेट्स दिलं म्हणून ते आपोआप कळत नाही. आणि हे ध्यानात असू द्या: रिलेशनशिपवरचं ऑप्शनल फक्त टाइप तपासणाऱ्यासाठी. कॉलम नल चालणारा आहे की नाही हे घेतली_कोणी_आयडी: मॅप्ड[ऑप्शनल[इंट]] या ओळीवरून ठरतं. तिथे नुसतं इंट राहिलं तर पुस्तक देतानाच अडेल, कारण परत घेणारा अजून ठरलेला नसतो.

लेखक-अनुवादकाचं: जोडटेबलात आणखी एकही कॉलम असला की 'सेकंडरी' विसरा आणि त्याचा पूर्ण क्लास करा. त्याला 'श्रेय' म्हणू. पुस्तक_आयडी, व्यक्ती_आयडी, भूमिका, क्रम. प्रायमरी की पहिल्या तिन्हींची मिळून, कारण एकच माणूस त्याच पुस्तकाचा संपादक आणि अनुवादक दोन्ही असू शकतो. क्रम यासाठी की मुखपृष्ठावर कोणाचं नाव आधी हे डेटाबेस आपण होऊन लक्षात ठेवत नाही, पुस्तक.श्रेये वर ऑर्डर_बाय="श्रेय.क्रम" द्या.

पुस्तक.श्रेये वर 'ऑल, डिलीट-ऑर्फन' इथे सक्तीचंच समजा. नसेल तर श्रेय काढताना सेशन पुस्तक_आयडी नल करायला जातं, आणि तो प्रायमरी कीचा भाग असल्यामुळे डेटाबेसपर्यंत जायच्या आधीच असर्शनएरर येतो: डिपेंडन्सी रूलने प्रायमरी की कोरी करायचा प्रयत्न केला, अशा अर्थाचा. हा संदेश दिसला की दुसरीकडे शोधायला जाऊ नका, कॅस्केड बघा.

पानावर नुसती लेखकांची नावं लागतात तिथे वाचण्यापुरतं वेगळं नातं लिहिता येतं: सेकंडरी="श्रेय", प्रायमरीजॉइनमध्ये भूमिका 'लेखक' अशी अट, आणि व्ह्यूओन्ली=ट्रू. व्ह्यूओन्ली विसरलात तर दोन्ही वाटांनी श्रेय टेबलात लिहिलं जाईल आणि ती ओव्हरलॅप्सवाली वॉर्निंग परत येईल. या वेळी ती खऱ्या धोक्याची असेल.

मधली_सुट्टी यांच्याशी एका बाबतीत माझं जमत नाही. क्वेरीगणिक सिलेक्टइनलोड आठवणीने लावणं माणसावर सोडू नये. मॉडेलवर लेझी="रेझ_ऑन_एसक्यूएल" ठेवा. मग विसरलेलं नातं गुपचूप क्वेरी मारत नाही, सरळ एरर देतं, आणि ते टेस्टमध्येच पकडलं जातं. मेमरीत आधीच असलेला पालक मात्र देतं, त्यासाठी क्वेरी लागत नाही म्हणून.

बाकी, फॉरिन कीच्या कॉलमवर इंडेक्स=ट्रू लिहा. मायएसक्यूएलचं इनोडीबी आपण होऊन इंडेक्स बनवतं, पोस्टग्रेस बनवत नाही. देवघेव वाढली की प्रत डिलीट करताना पोस्टग्रेस अख्खं देवघेव टेबल चाळत बसतं आणि दोष ओआरएमला जातो.

---

मधली_सुट्टी

@खटाटोप, मॉडेलवर सरसकट रेझ लावायला माझी ना नाही, पण अ‍ॅडमिन पानं आणि शेलमध्ये बसून केलेली कामं दर दोन मिनिटांनी ठेचकाळतात. मी ते नव्या क्वेरींच्या ऑप्शन्समध्ये रेझलोड("*") म्हणून लावते, वेबच्या वाटेपुरतं. सवयीचा प्रश्न आहे. असिंक सेशनवर जाणार असाल तर मात्र तुमचंच बरोबर, कारण तिथे लेझी लोड झाला की मिसिंगग्रीनलेट हा एरर येतो आणि त्या संदेशावरून कुठलं नातं राहिलंय हे लवकर कळत नाही. रेझ असेल तर अ‍ॅट्रिब्यूटचं नाव तरी छापतो.

---

ग्रंथपाल_डॉट_पीवाय

मनापासून आभार. बॅक_पॉप्युलेट्स, कॅस्केड, फॉरिन_कीज केलं, वॉर्निंग गेली. यादी २ क्वेऱ्यांवर आली. पण आणखी तीन गोष्टी.

एसक्यूलाइटवर पुस्तक डिलीट झालं, एरर नाही, पण प्रत टेबलात त्या पुस्तकाच्या ओळी तशाच आहेत! पोस्टग्रेसवर नीट जातात. दुसरं, देवघेव(प्रत=प, सभासद=स) असं बनवून कमिट करतो, प आणि स दोन्ही सेशनमध्येच आहेत, तरी नोंद साठत नाही; 'ऑब्जेक्ट सेशनमध्ये नाही, अ‍ॅड पुढे जाणार नाही' अशी वॉर्निंग. जुन्या १.३ च्या कोडमध्ये हेच चालायचं. तिसरं, प्रत डिलीट केली तर तिच्या जुन्या देवघेवींचं काय करावं?

---

उंटावरचा_शहाणा

दुसऱ्यापासून. १.३ मध्ये देवघेव.प्रत = प केलं की बॅक_पॉप्युलेट्समुळे ती प.देवघेवी मध्ये जायची आणि तिथून कॅस्केड होऊन सेशनमध्येही शिरायची. २.० मध्ये हे उलट्या बाजूचं कॅस्केड काढून टाकलंय. सेशन.अ‍ॅड(नोंद) लिहा, किंवा प.देवघेवी.अपेंड(नोंद) करा, अपेंड सरळ बाजूने जातं म्हणून चालतं. मी अ‍ॅड लिहीन. वाचणाऱ्याला कळतं, आणि अपेंडसाठी जुनी यादी उगाच लोड होत नाही.

याच जातीची एक गोष्ट: चुकीच्या पुस्तकाला लागलेली प्रत दुसऱ्या पुस्तकावर हलवताना जुने.प्रती.रिमूव्ह(प) आणि मग नवे.प्रती.अपेंड(प) असं करू नका. नवे.प्रती पहिल्यांदा वाचताना सिलेक्ट जातो, सिलेक्टच्या आधी ऑटोफ्लश होतो (साठलेले बदल आपोआप डेटाबेसला जातात), आणि त्या क्षणी प अनाथ असते. डिलीट-ऑर्फन तिला उडवून मोकळं. प.पुस्तक = नवे, एवढंच लिहा.

तिसऱ्याचं उत्तर कोडचं नाही, दाखल नोंदवहीचं आहे. ज्या प्रतीची एकदा तरी देवघेव झालीय ती उडवायची नसते, निर्लेखित (नोंद ठेवून वापरातून बाद) करायची असते. प्रत टेबलात निर्लेखन_तारीख घाला आणि शोधात ती नल असलेल्याच प्रती दाखवा. देवघेव.प्रत_आयडी वर ऑनडिलीट="रिस्ट्रिक्ट", आणि प्रत.देवघेवी वर डिलीट कॅस्केड अजिबात नको, पॅसिव्ह_डिलीट्स="ऑल" द्या. 'ऑल' म्हणजे सेशन नल करायच्या भानगडीत पडतच नाही, डेटाबेस स्वतः नाही म्हणतो. मग पुस्तक डिलीट करायला गेलात आणि त्याच्या एका जरी प्रतीची देवघेव असली तरी सगळंच थांबेल. थांबायलाच हवं. कॅस्केडने डिलीट होऊ द्यायच्या त्या फक्त चुकून टाकलेल्या, कधीच न दिलेल्या प्रती.

आणि हो, सेशन.एक्झिक्यूट(डिलीट(पुस्तक).वेअर(...)) अशी घाऊक डिलीट मारलीत तर रिलेशनशिपचं कॅस्केड त्यात चालत नाही, फक्त डेटाबेसचं ऑनडिलीट चालतं. म्हणूनही ते तिथे नीट लिहिलेलं असणं महत्त्वाचं.

---

खटाटोप

एसक्यूलाइटचं: तिथे फॉरिन की तपासणी डिफॉल्टने बंद असते. टेबल बनवताना व्याकरण मान्य करतं, पाळत नाही. पॅसिव्ह_डिलीट्समुळे सेशनने काम डेटाबेसवर सोडलं आणि डेटाबेस झोपलेला, म्हणून ओळी उरल्या. दर कनेक्शनला 'प्राग्मा फॉरिन_कीज = ऑन' ही एसक्यूलाइटची सेटिंगची आज्ञा द्यावी लागते, एकदा देऊन फाइलमध्ये साठत नाही. इंजिनच्या 'कनेक्ट' इव्हेंटवर लिसनर लावून तिथे कर्सरने तेवढी ओळ चालवा. ट्रान्झॅक्शन सुरू असताना दिलेला हा प्राग्मा काहीच करत नाही आणि सांगतही नाही, त्यामुळे सेशन उघडल्यावर द्यायला जाऊ नका.

प्राग्मा चालू केल्याने आधीच अनाथ झालेल्या ओळी सापडत नाहीत. 'प्राग्मा फॉरिन_की_चेक' एकदा चालवा. टेबल, ओळीचा रोआयडी आणि कुठल्या टेबलाकडे बोट दाखवते हे तो छापतो. त्या ओळी हाताने साफ करा.

मायग्रेशनचं, म्हणजे अलेम्बिक या टूलने टेबलांची रचना बदलण्याचं, ऐकून ठेवा. रिलेशनशिप, कॅस्केड, बॅक_पॉप्युलेट्स यांतलं काहीही बदललं तर अलेम्बिकच्या ऑटोजनरेटला काही दिसत नाही, रिकामी फाइल निघते आणि ते बरोबरच आहे. ऑनडिलीट, इंडेक्स, नलेबल बदलले तरच डेटाबेस बदलतो. पोस्टग्रेसवर ऑनडिलीट बदलणं म्हणजे जुनी कन्स्ट्रेंट काढून नवी घालणं, त्यासाठी तिला नाव लागतं. मेटाडेटाला नेमिंग_कन्व्हेन्शन आजच द्या.

एसक्यूलाइटला आल्टरने फॉरिन कीची कन्स्ट्रेंट काढता येत नाही, म्हणून अलेम्बिकमध्ये रेंडर_अ‍ॅज_बॅच=ट्रू लावतात. बॅच म्हणजे नवं टेबल बनवणं, डेटा ओतणं, जुनं टेबल ड्रॉप करणं, नव्याचं नाव बदलणं. आणि प्राग्मा चालू असताना एसक्यूलाइट ड्रॉप टेबलच्या आधी त्या टेबलातल्या सगळ्या ओळी आतल्या आत डिलीट करतं. पुस्तक टेबलावर असं बॅच मायग्रेशन चाललं की ऑनडिलीट कॅस्केडने सगळ्या प्रती साफ होऊ शकतात, आणि मायग्रेशन यशस्वी झालं असंच दिसतं. त्यामुळे प्राग्माचा लिसनर सरसकट इंजिन क्लासवर लावू नका, अ‍ॅपच्या एका इंजिन ऑब्जेक्टवर लावा. अलेम्बिकच्या एन्व्ह फाइलमध्ये वेगळं इंजिन बनतं, तिथे तो पोचता कामा नये. मायग्रेशनआधी फाइलची प्रत काढून ठेवा, आणि झाल्यावर फॉरिन_की_चेक पुन्हा चालवून दोन्ही टेबलांचे काउंट जुळवा.